सान्याखाली

भिरूड सरांनी चित्र टाकलं फ्रेमला,
पन्नास रुपये विसार दिला
आणि त्यांची बदली झाली नवापूरला.
सात वर्षं ते दुकानात भिंतीकडे तोंड करून,
देवादिकांच्या आणि वारलेल्यांच्या मागे.
शेवटी घरी आणलं.

हॉलंडचं आहे, एवढंच सर म्हणाले होते.
तिकडची एक खोली, डाव्या हाताला खिडकी,
खिडकीशी बाई, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या,
हातात कागद.
खुर्ची रिकामी. केरसुणी दाराशी आडवी.
तांब्याच्या भांड्यावर पांढरा ठिपका, मोहरीएवढा;
तेवढ्यावरून कळतं
की भांडं आजच घासलंय.

मी काचेचा माणूस. आधी तावदानं पाहिली.
हलक्या प्रतीची, लहरीची काच,
आणि तिच्यातून येणारा उजेड
पाणी घातलेल्या दुधासारखा,
सगळ्यांना पुरावा म्हणून बेताने वाढलेला.

आमच्या धरणगावी उजेड रोकडा.
धाब्याला एकच सानं, वीतभर,
पावसाळ्यात त्यावर खापर उपडं.
एरवी त्यातून पडतो उन्हाचा एक रुपया
आणि दिवसभर घरात फिरतो.
सकाळी कोनाड्यातून उतरतो,
उखळापाशी आला की बारा,
समोरच्या भिंतीवर चढला की सुरत गाडीची वेळ.
त्याच भिंतीला मी चित्र लावलं.
माघात पंधराएक दिवस
तो रुपया बरोबर बाईच्या कागदावर येतो.

ते पंधरा दिवस मी दुकान लवकर ओढून घेत होतो.
कौतिका कळण्याचं पीठ चाळत होती.
"काय देखी राह्यनात इतलं?"
म्हटलं, पत्र वाचतेय ती. नवरा दर्यावर असेल.
तिने चाळणी ठेवली, उठली,
पदराने काच पुसून पाहिलं.
"वाची नई राह्यनी ती. नुसतं धरी राह्यनी."
मग परत बसली, आणि माझ्याकडे न बघता,
"मी बी तशेच धरू. तुमना कागद."

सुरतेच्या रंगखान्यात मी चार वर्षं होतो.
महिन्याला एक निळं आंतर्देशीय.
हिला अक्षर येत नव्हतं;
मी धरून चाललो होतो, जाऊ वाचून दाखवत असेल,
म्हणून जपून लिहायचो,
दहा जणांत वाचलं तरी चालेल असं.
हिने एकही पत्र कुणाच्या हाती दिलं नाही.
माझा माणूस दुसऱ्याच्या तोंडून कशाला ऐकू, म्हणाली.
दुपारी सगळे शेतात गेले की
सान्याखाली उभी राहून कागद उन्हात धरायची.
पलीकडची शाई अलीकडे यायची,
उलट्या ओळी सुलट्या ओळींत शिरायच्या,
निळं सगळं बोटांवर पडायचं.
किती वेळ?
"ऊन सरके तवलोंग."

पुढे नलूच्या पाटीवर ही शिकली,
बाराखडी, मग जोडाक्षरं.
मी भीत भीत विचारलं, मग वाचलीस का ती?
"वाचात."
आणि हसायला लागली, पीठ उडालं.
"तीस रुप्या धाडात. तब्येत संभाळ.
म्हैसनं दावं बदल.
बस, इतलंच."

मला काही सुचेना.
या वयात कान गरम होतात, हे नवीनच.
उडालेलं पीठ उन्हाच्या दांड्यात
खाली यायचं विसरून तरंगत होतं.

"उजेडमाच बरा व्हतात त्या,"
म्हणाली, आणि चाळणी पुन्हा हलू लागली.

लांब सुरत गाडी वाजली.
रुपया फ्रेमची कड ओलांडून
आढ्याकडे निघाला.
मी दाराशी आडवी पडलेली केरसुणी घेतली,
आमची,
आणि सांडलेलं पीठ
हलक्या हाताने एका जागी आणलं.